घोड्याच्या रक्तातील उसनवारी

दहा-अकरा वर्षांचा एक घोडा आहे असे समजा. शिंगरू असताना तो कधी फारसा आजारी पडला नाही. ऐन उमेदीची वर्षेही चांगली गेली. पण गेल्या काही महिन्यांत त्याला पुन्हा पुन्हा ताप येतो, खोकला जात नाही, नाकातून घट्ट स्राव वाहतो, वजन उतरत चालले आहे. प्रतिजैविके दिली की थोडे दिवस बरे वाटते. औषध थांबले की न्यूमोनिया परत येतो. अशा वेळी पशुवैद्य ज्या तपासण्या करतात, त्यांतली एक अगदी साधी आहे. घोड्याला धनुर्वाताची लस टोचायची आणि काही आठवड्यांनी त्याचे रक्त तपासायचे. निरोगी घोड्याच्या रक्तात तोवर धनुर्वाताच्या विषाला निकामी करणारी प्रतिपिंडे, म्हणजेच अँटीबॉडी, तयार झालेली असतात. या घोड्याच्या रक्तात त्या जवळपास नसतातच.

प्रौढ घोड्यांमधल्या या विकाराचे नाव लांबलचक आहे : कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी, थोडक्यात सीव्हीआयडी. मोठ्या वयात प्रतिकारशक्तीचा एक खांबच कोसळतो, असा हा आजार. तो समजून घ्यायचा तर आधी त्या खांबाचा शोध कसा लागला हे पाहायला हवे. तो शोध १८९० साली बर्लिनमध्ये लागला. तो लावणाऱ्या दोघांपैकी एकाला पुढे वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याचे सारे यश उभे राहिले ते घोड्यांच्या रक्तावर. त्याचे नाव एमिल फॉन बेहरिंग.

बेहरिंगचा जन्म १५ मार्च १८५४ रोजी हान्सडॉर्फ या खेड्यात झाला. तेव्हा ते प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. वडील गावातले शाळामास्तर आणि घरात तेरा मुले. मुलगा हुशार होता, पण विद्यापीठात पाठवून डॉक्टर करण्याची ऐपत घरात नव्हती. वाट निघाली ती लष्करातून. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत शिक्षण मोफत मिळे. त्या बदल्यात डॉक्टर झाल्यावर काही वर्षे सैन्यात नोकरी करावी लागे. बेहरिंग १८७४ साली तिथे दाखल झाला आणि १८७८ साली डॉक्टर झाला. शिक्षणाचे हे देणे त्याने नंतर लहान लहान छावण्यांच्या गावांत नोकरी करून फेडले.

या नोकरीत त्याच्यासमोर रोज जखमा होत्या. त्या काळी जखमांवर आयोडोफॉर्मची पिवळी पूड टाकण्याची पद्धत होती. ती जंतू मारते, असा समज होता. बेहरिंगने बारकाईने पाहिले तर निराळेच दिसले. आयोडोफॉर्मने जंतू फारसे मरत नव्हते, पण जंतूंनी तयार केलेले विष मात्र निष्प्रभ होत असावे. म्हणजे जंतू आणि जंतूचे विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रोग्याला वाचवायचे तर कधी कधी जंतूपेक्षा विषाला आवरणे महत्त्वाचे. एका सामान्य लष्करी डॉक्टरच्या डोक्यात शिरलेला हा विचार पुढे त्याला आयुष्यभर पुरला.

१८८९ साली तो बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली कामाला लागला. क्षयाचा जंतू शोधणारे कॉख तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. त्यांच्या प्रयोगशाळेत जपानहून आलेला शिबासाबुरो किटासाटो हा तरुण डॉक्टर होता. किटासाटोने त्याच वर्षी एक अवघड काम करून दाखवले होते. धनुर्वाताचा जंतू हवेत वाढत नाही आणि इतर जंतूंपासून वेगळाही करता येत नाही, असे सगळे म्हणत. किटासाटोने मिश्रण तापवून बाकीचे जंतू मारले, उष्णता सोसणारे धनुर्वाताचे बीजाणू मागे ठेवले आणि हवेऐवजी हायड्रोजन भरून ते वाढवले. धनुर्वाताचा शुद्ध जंतू प्रथमच हाती आला.

बेहरिंगचे लक्ष होते घटसर्पावर, म्हणजे डिप्थेरियावर. आज आपल्यापैकी बहुतेकांनी घटसर्पाचा रोगी पाहिलेला नसतो. त्या काळी युरोपातल्या प्रत्येक शहरात मुले या रोगाने मरत. घशात राखाडी पापुद्रा धरे, श्वास कोंडे. श्वासनलिकेला छेद देऊन मूल वाचवले तरी आठवड्या-दोन आठवड्यांनी हृदय बंद पडून ते दगावे. गूढ असे होते की जंतू तर घशातच राहतो, मग हृदय का बंद पडते? याचे उत्तर १८८८ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सां यांनी दिले होते. जंतू घशात बसून विष तयार करतो आणि ते विष रक्तावाटे शरीरभर जाते.

बेहरिंगने गिनीपिगांना घटसर्पाची लागण केली आणि निरनिराळी रसायने देऊन पाहिली. बहुतेक प्राणी मेले. काही थोडे वाचले, तेही रसायनांनी पोळून. पण या वाचलेल्यांत एक विलक्षण गोष्ट दिसली. त्यांना पुन्हा विष दिले तरी ते मरत नव्हते. शिवाय त्यांच्या रक्तातील पेशी काढून उरलेला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, विषात मिसळला तर विषाचा दंशच नाहीसा होत होता. किटासाटोला धनुर्वाताच्या बाबतीत सशांमध्ये तेच दिसले. एका प्राण्याचे सीरम दुसऱ्याला दिले, तर ज्याने कधी विषाचा सामना केला नव्हता तोही वाचत होता.

४ डिसेंबर १८९० रोजी दोघांच्या नावाने हा निष्कर्ष एका जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. आठवडाभराने बेहरिंगने घटसर्पावर एकट्याच्या नावाने दुसरा लेख लिहिला. वैद्यकशास्त्राला त्या दोन लेखांनी नवी दिशा मिळाली. प्रतिकारशक्ती ही रक्तात तरंगणारी वस्तू आहे, ती काढता येते, बाटलीत भरता येते आणि दुसऱ्याला उसनी देता येते, हे त्यांनी दाखवले. आपण आज जिला अँटीबॉडी म्हणतो, तीच ही वस्तू. ती शरीरात कुठे तयार होते, हे मात्र बेहरिंगला कळले नव्हते.

गिनीपिगाच्या रक्ताने गिनीपिग वाचेल; पण बर्लिनमधली मुले वाचवायची तर सीरम कितीतरी पटींनी जास्त हवे. आधी मेंढ्या वापरून पाहिल्या. मग घोड्यांची पाळी आली. घोडा हे या कामासाठी जणू घडवलेले जनावर आहे. मोठ्या घोड्याच्या अंगात चाळीस लिटरच्या आसपास रक्त असते. मानेची शीर ठळक असते. तो माणसाळलेला असतो आणि त्याची प्रतिकारयंत्रणा दमदार असते. विषाचा अगदी लहान डोस देऊन सुरुवात करायची, दर काही दिवसांनी तो वाढवायचा. महिन्या-दोन महिन्यांत घोड्याच्या रक्तात प्रतिविष भरपूर तयार होते. मग त्यातले थोडे रक्त काढायचे आणि घोड्याला परत विश्रांती द्यायची.

पण प्रत्येक घोड्याचे सीरम सारखे नसते. एकाचे जोरकस तर दुसऱ्याचे पातळ. डोस किती द्यायचा हे डॉक्टरांना कळेना आणि सुरुवातीचे निकाल त्यामुळे डळमळीत आले. ही गाठ सोडवली पॉल एर्लिख यांनी. सीरमची ताकद मोजण्याचे एकक त्यांनी ठरवले आणि घोड्यांमध्ये प्रतिविष वाढवण्याची पद्धतही नीट बसवली. १८९४ साली होक्स्ट या रंग-रसायनांच्या कारखान्याने सीरम बाजारात आणले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये रू यांनी घोड्यांचे सीरम मुलांच्या रुग्णालयात मोठ्या प्रमाणावर वापरले. तिथे घटसर्पाच्या निम्म्या रुग्णांचा मृत्यू होत असे. ते प्रमाण पाव भागावर आले. आईबापांच्या दृष्टीने हा चमत्कारच होता. शहरोशहरी सीरमसाठी घोड्यांच्या पागा उभ्या राहिल्या.

यशाबरोबर हिशेबही आले. एर्लिख यांचा नफ्यातला वाटा राहिला नाही आणि त्यांच्या मनात बेहरिंगबद्दल कायमची अढी बसली. १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल जाहीर झाले, ते एकट्या बेहरिंगला. धनुर्वाताचे अर्धे काम ज्याचे होते, तो किटासाटो त्यात नव्हता. शाळामास्तरांचा मुलगा त्याच वर्षी सरदार झाला आणि त्याच्या नावात फॉन आले. मारबुर्ग इथे तो प्राध्यापक होता. १९०४ साली तिथेच त्याने स्वतःचा सीरमचा कारखाना काढला.

ज्या वर्षी स्टॉकहोममध्ये हा गौरव झाला, त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात या उपचाराची दुसरी बाजू दिसली. जिम नावाचा, पूर्वी दुधाची गाडी ओढणारा एक घोडा सीरमसाठी पाळला होता. ऑक्टोबरमध्ये त्याला धनुर्वात झाल्याचे लक्षात आले आणि त्याला मारण्यात आले. पण लक्षणे दिसण्याआधी काढलेले त्याचे रक्त न तपासता वापरले गेले होते. घटसर्पातून वाचवण्यासाठी ज्या मुलांना ते टोचले, त्यांपैकी तेरा मुले धनुर्वाताने गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत लशी आणि सीरम यांच्या उत्पादनावर सरकारी देखरेखीचा कायदा झाला. घोडा निरोगी आहे याची खात्री हा तेव्हापासून उपचाराचाच भाग झाला.

उसनवारीला आणखी एक मर्यादा होती. घोड्याची प्रतिपिंडे माणसाच्या शरीराला परकी. काहींना आठवड्याभराने ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी असा सीरमचाच आजार होई. शिवाय ही प्रतिपिंडे काही आठवड्यांत संपून जात. ज्याने ती तयार केली नाहीत, त्याला ती पुन्हा भरून काढता येत नाहीत. बेहरिंगला हे उमगले होते. १९१३ साली त्याने घटसर्पाचे विष आणि प्रतिविष यांचे मोजून केलेले मिश्रण टोचायला सुरुवात केली. उद्देश हा की मुलाच्या शरीराने स्वतःच प्रतिपिंडे तयार करावीत. आपण लहान मुलांना देतो त्या त्रिगुणी लशीच्या वाटेवरचा हा एक टप्पा होता.

या दोन यशांच्या मधली वर्षे मात्र खडतर गेली. क्षयावर उपाय शोधण्याच्या मागे तो लागला, मोठमोठ्या घोषणा केल्या, पण हाती काही आले नाही. गायींसाठी काढलेली क्षयाची लसही टिकली नाही. १९०७ ते १९१० ही तीन वर्षे नैराश्याच्या आजारामुळे त्याला आरोग्यधामात काढावी लागली. कीर्ती, पैसा, नोबेल यांपैकी काहीच तिथे कामी आले नाही.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि त्याच्या जुन्या कामाला पुन्हा मोल आले. ज्या शेतांत खंदक खणले जात होते, त्यांत वर्षानुवर्षे घोड्यांचे शेण पडले होते. धनुर्वाताचे बीजाणू घोड्याच्या आतड्यात सहज राहतात आणि शेणातून मातीत जातात. सैनिकांच्या जखमांत ती माती शिरे. सुरुवातीच्या महिन्यांत धनुर्वाताने असंख्य बळी घेतले. मग प्रत्येक जखमी सैनिकाला घोड्यापासून बनवलेले प्रतिविष टोचणे सुरू झाले आणि रोग झपाट्याने ओसरला. ज्या जनावराच्या शेणातून रोग येत होता, त्याच्याच रक्तातून उपाय येत होता. घोडा स्वतःही धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, हे या गोष्टीत विसरता कामा नये. लस दिलेला घोडा आणि न दिलेला घोडा यांत जीवनमरणाचे अंतर असते.

३१ मार्च १९१७ रोजी मारबुर्ग इथे बेहरिंगचा मृत्यू झाला. वय ६३. मांडीच्या हाडाच्या जुन्या दुखापतीने तो खंगला होता आणि शेवटी न्यूमोनियाने गाठले.

बेहरिंगला जे कळले नाही, ते पुढच्या पिढ्यांना कळले. प्रतिपिंडे बी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या वंशातून तयार होतात. या पेशी अस्थिमज्जेत जन्माला येतात. जंतू किंवा लस समोर आली की त्यांतल्या योग्य पेशी वाढतात आणि प्रतिपिंडे रक्तात सोडू लागतात. सुरुवातीला सांगितलेल्या घोड्याच्या शरीरात नेमका हाच कारखाना बंद पडलेला असतो. अस्थिमज्जेत बी पेशी तयार होणे थांबते. रक्तातल्या बी पेशी संपत जातात, पाठोपाठ प्रतिपिंडेही घटतात. टी पेशी मात्र बहुधा शाबूत असतात. त्यामुळे त्रास होतो तो मुख्यतः जिवाणूंचा : न्यूमोनिया, सायनसचा संसर्ग, कधी मेंदूच्या आवरणाचा दाह. २००२ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी घोड्यातल्या या विकाराची नोंद प्रसिद्ध केली. त्यानंतर निरनिराळ्या जातींच्या घोड्या-घोड्यांमध्ये तो आढळला आहे.

घोड्यांमधले प्रतिकारशक्तीचे इतर दोष बहुतेक लहानपणीच दिसतात. घोडीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भाकडे जात नाहीत, म्हणून शिंगरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मते. पहिल्या काही तासांत त्याने आईचा चीक पोटभर प्यायला, तर त्यातली प्रतिपिंडे आतड्यातून रक्तात जातात. दिवसभरात हे दार बंद होते. त्यानंतर रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर असले की पशुवैद्य निश्चिंत होतो. कमी असेल तर निरोगी प्रौढ घोड्याचा प्लाझ्मा शिरेतून देतात. हे तर बेहरिंगचेच तंत्र, घोड्याकडून घोड्याकडे. अरबी जातीच्या काही शिंगरांमध्ये आईबाप दोघांकडून आलेल्या दोषी जनुकामुळे बी आणि टी दोन्ही पेशी नसतात. आईची प्रतिपिंडे ओसरली की ती काही महिन्यांतच दगावतात. जनुकीय चाचणी करून जोड्या लावल्या तर हा आजार टाळता येतो.

प्रौढ घोड्याच्या सीव्हीआयडीला अशी चाचणी नाही. लहानपणी सारे ठीक असते, म्हणून संशयही उशिरा येतो. अगोदर इतर कारणे तपासावी लागतात. वयस्क घोड्यांत पिट्युटरी ग्रंथीच्या बिघाडानेही प्रतिकारशक्ती खालावते, पण त्यावर गोळ्यांचा उपचार आहे. लिम्फोमासारखा कर्करोगही तपासून पाहावा लागतो. ती कारणे निघाली नाहीत, तर रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण, बी पेशींची मोजणी आणि धनुर्वाताच्या लशीला मिळणारा प्रतिसाद यांवरून निदान होते.

निदान झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न कठीण आहे. माणसांतही सीव्हीआयडी होतो. त्या रुग्णांना दर तीन-चार आठवड्यांनी दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे दिली जातात आणि त्यावर ते वर्षानुवर्षे जगतात. पाचशे किलोच्या घोड्याला तितकी प्रतिपिंडे आयुष्यभर पुरवणे खर्चाच्या आणि उपलब्धतेच्या दृष्टीने शक्य होत नाही. दिलेली प्रतिपिंडे साधारण तीन आठवड्यांत निम्मी होतात. प्रतिजैविकांनी काही काळ निभावतो, पण संसर्ग परत येतात. अखेर घोड्याचे हाल थांबवण्याचा निर्णय मालकाला आणि पशुवैद्याला मिळून घ्यावा लागतो. म्हणूनच निदान लवकर होणे मोलाचे. त्याने घोडा बरा होत नाही; पण महिनोन्‌महिने निरनिराळी औषधे बदलत राहण्यात जनावराची जी ओढाताण होते, ती टळते. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे तबेल्यातल्या बाकीच्या घोड्यांना भीती नसते. प्रौढ घोड्याला वर्षभरात दोन-तीनदा न्यूमोनिया झाला, औषध थांबताच ताप उलटला, तर रक्तातील प्रतिपिंडे मोजून घेण्याचा आग्रह मालकाने धरावा.

घोड्याच्या उसन्या प्रतिपिंडांवर आपणही आजवर जगत आलो आहोत. मुंबईतली हाफकिन संस्था सर्पदंशावरचे प्रतिविष घोड्यांपासूनच बनवत आली आहे. पद्धत तीच : विषाचे लहान लहान डोस, मग रक्त, मग शुद्धीकरण. शेतात साप चावलेल्या माणसाला आजही सरकारी दवाखान्यात जे इंजेक्शन मिळते, ते कुठल्या तरी निरोगी घोड्याच्या बी पेशींनी तयार केलेले असते. बेहरिंगने दाखवलेली उसनवारी संकटाच्या वेळी जीव वाचवते; पण ती फार काळ पुरत नाही. रोजच्या संरक्षणासाठी शरीराचा स्वतःचा कारखाना चालू असावा लागतो. लस त्या कारखान्यालाच कामाला लावते. म्हणून मुलांच्या लसीकरणाचे वेळापत्रक चुकवू नये आणि घोडा पाळणाऱ्याने त्याची धनुर्वाताची लस कधी विसरू नये.